व्हेलखालची कटिंग

त्या रस्त्यावर त्यांना सगळे मास्टर म्हणत. शाळेचे मास्तर निराळे. ते या मास्टरांच्या दुकानात येऊन खुर्चीत मान खाली घालून बसत, आणि लहानपणी त्याच मास्तरांनी कान उपटलेले असल्यामुळे मास्टरांना त्याचा फार आनंद होई. त्यांच्या कानाजवळ कात्री नेताना ते मुद्दाम म्हणत, "हलू नका सर."

दुकान दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर काळी पट्टी चिकटवलेली. पण कात्र्या अशा चकचकीत की त्यात तोंड बघावं. मास्टरांचा एक हट्ट होता. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, ते आधी नीट करायचं. कानामागची वळणं, मानेवरची खाच, टाळूवरचा भोवरा. घाईतला एखादा माणूस म्हणे, "मास्टर, पुढचं बघा की, मागचं कोण बघतंय?" मग मास्टर कात्री खाली ठेवत आणि त्याला असे बघत की तो निमूटपणे आणखी दहा मिनिटं बसे. स्वभाव तसा प्रेमळ, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत.

त्यांना एकुलती एक लेक. तिचे केस कमरेच्या खाली जात. त्या केसांवर राज्य बायकोचं होतं. तेल, न्हाणं, वेणी सगळं तिच्या हातचं. मास्टरांच्या वाट्याला महिन्यातून एकदा शेंडे कापणं येई, तेही "बोटभर, जास्त नाही" अशा तंबीसकट. एकवीस वर्षांची झाली आणि लेकीने सांगितलं की मला सिस्टर, म्हणजे नन व्हायचंय. बायको तीन दिवस रडली. मास्टर मात्र रडले नाहीत. त्यांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी जराही लपवला नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला. ऐकण्यावाचून लोकांना गत्यंतरही नव्हतं. ज्याच्या तोंडाला साबण फासलाय आणि गळ्याशी वस्तरा आहे, तो माणूस उठून जाणार कुठे?

लेक कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात गेली त्याला दोन वर्षं झाली. कॉन्व्हेंट बसने तासाभरावर होतं. एका रविवारी तिचा फोन आला. पुढच्या महिन्यात तिला आणि तिच्याबरोबरच्या तिघींना पांढरं व्हेल मिळणार होतं. व्हेल म्हणजे सिस्टर लोक डोक्यावर घेतात ते वस्त्र. आधी पांढरं, आणि काही वर्षांनी व्रतं घेतली की काळं. मास्टरांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मग लेक जाता जाता म्हणाली, "आदल्या दिवशी दुपारी केस कापतील."

"कोण कापतं?" मास्टरांनी विचारलं.

"शिवणाच्या सिस्टर. पन्नास वर्षं त्याच कापतात."

"कशाने?"

"कात्रीने पप्पा, आणखी कशाने?"

"कसल्या कात्रीने?"

लेक बापाला ओळखून होती. "कापडाच्या," ती हळूच म्हणाली.

मास्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा लेकीला भेटायला गेले असताना त्यांनी एक दृश्य पाहिलं होतं, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. फाटकाशी उभ्या असलेल्या एका सिस्टरचं व्हेल वाऱ्याने उडालं आणि मास्टरांना आतली कटिंग दिसली. कुठे झुपका, कुठे पायरी, कानामागे तर नुसतं रान. त्या माउलीच्या चेहऱ्यावर काय शांती होती, आणि मागे ही दशा! मास्टरांना दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. आता तीच कात्री लेकीच्या केसांना लागणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, पिशवीत हत्यारं भरली आणि निघाले. बायको दारात आडवी आली. "अहो, लेक देवाला दिली ना? मग केसांचं काय घेऊन बसलात?"

"लेक दिली," मास्टर म्हणाले. "कटिंग नाही दिली."

कॉन्व्हेंटच्या बैठकीच्या खोलीत फरशी इतकी पुसलेली होती की मास्टर चपला हातात घेऊन उभे राहिले. तिथल्या प्रमुखांना सगळे मदर म्हणत. मदर उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मास्टरांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या मुलीचे केस मीच कापणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, एवढंच ते म्हणणं होतं, पण मास्टरांनी त्याला पाऊण तास लावला. मग मदरनी शिवणाच्या सिस्टरना बोलावलं.

शिवणाच्या सिस्टर म्हणजे ऐंशीच्या घरातली, खांद्याएवढी बाई. गळ्यात मापाची फीत, छातीशी टाचण्यांची रांग. कॉन्व्हेंटमधलं प्रत्येक व्हेल तिने शिवलेलं आणि प्रत्येक डोकं तिनेच भादरलेलं. तिने मास्टरांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं, डोक्याशी जरा जास्त वेळ थांबली. मास्टरांना टक्कल होतं.

"आतलं कोण बघतं?" तिने विचारलं.

मास्टर या प्रश्नाची आयुष्यभर वाट पाहत असावेत. "ज्याचं डोकं आहे ते माणूस बघतं ना, सिस्टर. रोज सकाळी. आणि तुमचा देव बघत नाही का? का त्यालाही व्हेलच्या आतलं दिसत नाही?"

मदर खिडकीबाहेर बघू लागल्या; हसू लपवायला माणसं तसंच करतात. नेमक्या तेव्हाच स्वयंपाकाच्या सिस्टर चहा घेऊन आल्या. गोल चेहऱ्याच्या, चाळिशीतल्या, आणि कुठल्याही गोष्टीला तयार. बाहेर उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलंच होतं. "मदर, माझं डोकं घ्या," त्या म्हणाल्या. "तसंही कापायला झालंय. यांना एकदा दाखवू तर द्या."

कपडे धुण्याच्या पडवीत स्टूल ठेवलं. मास्टरांनी पांढरं कापड झटकलं आणि त्यांच्या हाताला पंख फुटले. मानेवर पायरी न दिसता उतरत गेलेली कटिंग, बाजू चापून बसवलेल्या, माथ्यावरचं ओझं दातेरी कात्रीने पातळ केलेलं. कानामागे तर बोट फिरवलं तर घसरावं. सतरा मिनिटांत काम झालं. पडवीत हळूहळू दहा-बाराजणी जमल्या होत्या. आरसा जवळ नव्हता, म्हणून स्वयंपाकाच्या सिस्टरनी मोठ्या पातेल्याचं घासलेलं झाकण आणवलं आणि त्यात स्वतःला डाव्या-उजव्या बाजूने पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ही मी?" मास्टरांनी कात्री पुसली. शिवणाच्या सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या आहेत याचा अर्थ हरल्या आहेत, असा मास्टरांनी सोयीस्कर समज करून घेतला.

मदरनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. पाहुण्यांचं टेबल बैठकीच्या खोलीत होतं आणि दारातून समोर सिस्टरांचं जेवणघर दिसत होतं. तिथे जेवताना बोलायचं नाही असा नियम. एक सिस्टर पुस्तकातून वाचत होती, बाकीच्या मुकाट्याने जेवत होत्या. स्वयंपाकाच्या सिस्टर सूपचं भांडं घेऊन आल्या आणि वाढायला वाकल्या. व्हेल सरकून मानेवर आलं. त्यांनी ते वर ओढलं. पुढच्या ताटाशी वाकल्या, पुन्हा सरकलं. त्यांनी टाचणी काढून नव्याने टोचली. तिसऱ्यांदा वाकल्या तेव्हा आतल्या टोपीसकट, टाचणीसकट सगळं व्हेल निघालं आणि सरळ सूपमध्ये पडलं.

वाचणारीचा आवाज चिरकला. नियम मोडायचा नाही म्हणून वीस बायका ओठ दाबून, खांदे हलवत, नाकातून आवाज काढत बसल्या. मास्टरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. त्यांच्या आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाचं काहीही कधी सूपमध्ये पडलेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर शिवणाच्या सिस्टर ती ओली टोपी घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसल्या, बरोबर स्वयंपाकाच्या सिस्टरही. मास्टरांना वाटलं, आता ही म्हातारी आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. पण तसं काही झालं नाही. तिने स्वयंपाकाच्या सिस्टरना खुर्चीत बसवलं आणि आपलं बोट त्यांच्या कानामागे ठेवलं.

"इथे झुपका हवा. टाचणी यातून जाते. तुम्ही तो काढून टाकलात, मग टाचणी धरणार कशाला? आणि हा माथा. इथे केस बोटभर ठेवायचे आणि आडवे कापायचे, टोकं बोथट. टोपीचं कापड त्या टोकांवर अडतं. तुम्ही पातळ केलंत, गुळगुळीत केलंत. गुळगुळीत डोक्यावर सुती कापड टिकत नाही. मान मात्र साफ, नाहीतर घामाने कॉलर काचते."

"म्हणजे ते वाकडंतिकडं दिसतं, ते..."

"मुद्दाम." म्हातारी पहिल्यांदाच हसली. "मास्टर, तुमची कटिंग दिसण्यासाठी असते. माझी व्हेल बसण्यासाठी. आमच्या बायका दिवसाला दोनशे वेळा वाकतात. आजाऱ्याला उचलतात, पोरांमागे धावतात. दर वेळी डोकं सावरत बसल्या तर काम कधी करायच्या?"

मास्टरांना तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर छाती फुगवली, त्याच कामात आपण एका शिंपिणीपुढे नवशिके ठरलो. फाटकाशी पाहिलेलं ते डोकं त्यांना आठवलं आणि आपण त्या बाईची मनातल्या मनात किती कीव केली होती याची लाज वाटली. दुसरा कुणी असता तर पिशवी उचलून चालता झाला असता. पण मास्टर हाडाचे कारागीर होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सिस्टर, मला शिकवाल?"

"या वयात?"

"तुमचं वय काय?" मास्टरांनी विचारलं, आणि दोघांचं जमलं.

म्हातारीच्या बाजूनेही एक कबुली निघाली. ती काढून घेतली स्वयंपाकाच्या सिस्टरनी. "मास्टरांची कात्री मात्र लोण्यासारखी चालते हं. माझे केस पहिल्यांदा कापले तेव्हा मी ढसाढसा रडले होते. सगळ्यांना वाटलं, घर सोडल्याचं दुःख. अहो, कसलं दुःख! ती कापडाची कात्री केस नुसते ओढत होती!" शिवणाच्या सिस्टरनी कबूल केलं की कात्रीचा हा दोष त्यांच्या कधी लक्षातच आला नव्हता. पन्नास वर्षं त्या रडणाऱ्या मुलींना थोपटून सांगत आल्या होत्या की, होतं असं, देव बळ देईल. मदरनी मग निकाल दिला. पद्धत सिस्टरांची, कात्री आणि हात मास्टरांचा. पण त्या दिवसाआधी चांगला सराव करायचा. व्हेल बसलं नाही, तर पाहुण्यांनी भरलेल्या चॅपेलमध्ये, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रार्थनाघरात, मास्टरांच्या लेकीची फजिती होणार होती.

मास्टर घरी आले आणि त्यांनी रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यांवर सराव सुरू केला. त्या तीन आठवड्यांत कितीतरी सज्जन माणसं कानामागे झुपके घेऊन फिरत होती. निवृत्त पोस्टमास्तर तर बिचारे गरीब स्वभावाचे. त्यांच्या डोक्याला मास्टरांनी बायकोची ओढणी टाचणीने लावली आणि म्हणाले, "आता वाका, बुटाची नाडी बांधा." पोस्टमास्तर म्हणाले, "मी चपला घातल्यात." "मग नुसते वाका." ते वाकले. ओढणी घसरली. मास्टरांनी पुन्हा बसवून पुन्हा कापलं. पोस्टमास्तरांच्या घरच्यांनी बरेच दिवस त्यांना टोपीशिवाय बाहेर सोडलं नाही.

समारंभाला चार दिवस राहिले असताना लेकीचा फोन आला. मास्टर उत्साहाने सांगू लागले, ओढणी आता कशी चिकटून बसते, पोस्टमास्तर उकिडवे बसून उठले तरी हलत नाही. लेकीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या एकटीचे कापणार असाल तर येऊ नका."

"म्हणजे?"

"आम्ही चौघी आहोत. माझे तुम्ही कापायचे आणि त्या तिघींचे कापडाच्या कात्रीने, असं मला नको. इथे माझं वेगळं काही नसतं."

"अगं, मी बाप आहे तुझा!"

"त्यांनाही बाप आहेत. ते आपापली हत्यारं घेऊन नाही येत."

मास्टरांना ते लागलं. दोन वर्षं ते सगळ्यांना सांगत होते की माझी लेक देवाला दिली. आणि दिली म्हणजे काय, ते आज पहिल्यांदा लेकच त्यांना शिकवत होती. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून त्यांच्याकडे बघत होतं.

"चौघींचे कापतो," ते म्हणाले.

"आणि माझ्या वेळी जास्त वेळ लावायचा नाही."

"नाही लावत," मास्टर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कात्री उचलली.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी शिवणखोलीतली यंत्रं भिंतीला लावून ठेवली होती. खिडकीजवळ स्टूल, खाली जुनी चादर. त्या खोलीत आजवर पुरुषाचं पाऊल पडलेलं नव्हतं, मास्टरांचं पहिलं. चौघी आल्या, ज्या क्रमाने कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाल्या त्या क्रमाने. लेक दुसरी. पहिली मुलगी स्टुलावर बसली. वेणीला दोन ठिकाणी दोरा बांधून शिवणाच्या सिस्टरनी मान डोलावली आणि मास्टरांनी वेणी कापली. मुलगी डोळे मिटून ओढ बसायची वाट बघत होती. वेणी सिस्टरांच्या हातात गेली तरी तिला पत्ता नव्हता. "कापलीसुद्धा?" तिने विचारलं, आणि बाकीच्या तिघींचे खांदे सैल झाले. मास्टरांनी घड्याळ पाहून अकरा मिनिटांत तिला मोकळं केलं.

मग लेक बसली.

मास्टरांनी कितीतरी दिवस ठरवून ठेवलं होतं की या वेळी काहीतरी बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. पण कंगवा केसांत गेला आणि ते सगळं विसरले. तेलाचा तोच वास, मानेजवळ तोच लहानपणचा तीळ. त्यांना वाटलं, आता हात थांबणार. सिस्टरांनी दोरा बांधला. मास्टरांनी श्वास घेतला आणि कापलं. कात्रीचे चार दाब लागले. मग त्यांनी मन मानेवर आणलं, मानेवरून कानामागे, कानामागून माथ्यावर, आणि प्रत्येक केस जिथे थांबायला हवा तिथे थांबवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं. पुसायला हात मोकळा नव्हता. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, पण शिवणाच्या सिस्टर पाहत होत्या. अकरा मिनिटं झाली होती. जास्त नाही, कमीही नाही.

लेकीने हात मागे नेऊन कानामागे चाचपलं. "दाट ठेवलंय," ती म्हणाली.

"टाचणीसाठी," मास्टर म्हणाले.

"माहितीये." ती उठली, वळून बापाकडे पाहिलं आणि हसली. तिचा चेहरा एवढा उघडा, एवढा स्वच्छ त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग ती बाजूला झाली आणि मास्टरांनी चादर झटकली. "चला, पुढची," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चॅपेल गच्च भरलं होतं. मास्टर आणि त्यांची बायको मागच्या बाकावर, कारण पुढचे बाक पाहुण्यांना द्यायचे असं लेकीनेच बजावलं होतं. चौघी एकेक करून पुढे गेल्या. मदरनी प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरं व्हेल ठेवलं आणि शिवणाच्या सिस्टरनी दोन-दोन टाचण्या लावल्या, डाव्या कानामागे एक, उजव्या कानामागे एक. मग चौघी आत जाऊन वेगळ्याच क्रमाने परत आल्या, आणि वेदीसमोर एका रांगेत फरशीवर पालथ्या पडल्या, कपाळ टेकवून, हात पसरून. गाणं सुरू झालं. लांबलचक गाणं होतं. मास्टरांना त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. बाकाची कड धरून ते चार पांढऱ्या कापडांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते.

गाणं संपलं. चौघी उठल्या. गुडघ्यांवर आल्या, पुन्हा वाकल्या, पुन्हा उठल्या, आणि उभ्या राहिल्या. चार पाठी, एका उंचीच्या, एका पांढऱ्या रंगाच्या. एकीनेही डोक्याला हात लावला नाही.

बायकोचा रुमाल भिजला होता. ती मान उंच करकरून बघत होती. "अहो," तिने मास्टरांच्या कोपराला धरलं. "आपली कुठली?"

मास्टरांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे पाहिलं. चौघींचे केस त्यांनी कालच कापले होते, त्यातली एक तर त्यांच्या पोटची होती. त्यांना ओळखता येईना. क्षणभर काळजात चर्र झालं. आणि त्याच क्षणी त्यांची मान ताठ झाली.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "पण चौघींचंही बसलंय!"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढचे दोन बाक वळून त्यांच्याकडे बघू लागले.